पुलापर्यंतची चाल

आमच्या घरात मला कोणी मत विचारत नाही, कारण मी सांगते. साडी अंगावर कशी दिसते, भाजी कशी झाली, पाहुण्यांनी आणलेला पेढा कसा आहे, हे लोक माझ्यापाशी येऊन विचारत नाहीत. चौथीनंतर माझी शाळा सुटली, तेव्हा गोड करून कसं बोलायचं ते पुढच्या वर्गात शिकवत असतील, माझं राहून गेलं. म्हणून गेल्या मे महिन्यात माझा मुलगा हेडफोन हातात घेऊन माझ्यासमोर उभा राहिला आणि "आई, हे ऐक, अन् कसं वाटलं ते खरं सांग" म्हणाला, तेव्हाच मला समजलं की ह्याच्याजवळ आता विचारायला दुसरं माणूस उरलेलं नाही.

मुलगा चाळिशी ओलांडलेला आहे. नागपूरच्या मिहानमध्ये एका कंपनीत कॉम्प्युटरवर काम करत होता. दिवाळीच्या आधी कंपनीने बरेच लोक कमी केले, त्यांत तो होता. सुरुवातीला रोज दाढी करायचा, अर्ज पाठवायचा, फोन आला की गॅलरीत जाऊन बोलायचा. मग फोन कमी झाले. मग दाढी कमी झाली. संक्रांतीपासून तो मागच्या खोलीत जो बसला, तो जेवायलाच बाहेर यायचा. मनीषनगरच्या ह्या फ्लॅटमध्ये आम्ही तिघंच. मी, तो आणि सून. सून एका खाजगी शाळेत शिकवते. मूल झालं नाही, तो विषय वेगळा आहे.

मागच्या खोलीत तो कामच करतो असं मला आधी वाटलं. मग एक दिवस चहा द्यायला गेले तर कॉम्प्युटरवर रंगीत पट्ट्या एकाखाली एक मांडलेल्या, आणि हा त्यांतली एक पट्टी कापून दुसरीकडे लावतो आहे. मी जन्मभर ब्लाउज शिवले. कापणं आणि लावणं मला ओळखता येतं. विचारलं, हे काय आहे.

त्याने सांगितलं ते असं. लहानपणी टीव्हीला जोडून जो व्हिडिओ गेम तो खेळायचा, त्यात मागे एक चाल वाजत असे. ती चाल घ्यायची, तिच्यात आपली वाद्यं भरायची, आपल्या पद्धतीने ती बसवायची. त्याला रिमिक्स म्हणतात. जगात ठिकठिकाणी असे लोक आहेत, नोकरीधंदा करणारे, ते हौसेने हे करतात आणि नेटवर एका ठिकाणी पाठवतात. तिथे काही जाणकार बसलेले आहेत. त्यांना पसंत पडलं तर ते गाणं आपल्या पानावर कायमचं लावतात. नाही पडलं तर काय चुकलं ते लिहून परत पाठवतात.

"पैसे देते का?" मी विचारलं.

"नाही."

"मग काय देते?"

"नाव लावते, आई."

"तुह्यं नाव तर रेशनकार्डावर पण आहे."

तो हसला. तेव्हा अजून हसत होता.

त्याचं गाणं आधीच परत आलेलं होतं, एकदा नाही, दोनदा. पहिल्या वेळचं त्याने सांगितलं नाही. दुसऱ्या वेळचं मात्र मला समोर बसवून वाचून दाखवलं. इंग्रजीतलं एक वाक्य मनात वाचायचा आणि मराठीत मला द्यायचा. तुझी सुरुवात फारच सुरेख आहे. बासरीचा आवाज मनाला लागला. पण ढोल बाकीच्या वाद्यांवर चढतो, त्याला थोडा खाली घे. आणि दुसऱ्या भागात चाल मुळात आहे तशीच येते, तिथे आम्हाला तू दिसत नाहीस. पण फार जवळ आला आहेस. पुन्हा पाठव, आम्ही वाट पाहतो.

"म्हणजे नाही म्हटलं," मी म्हणाले.

"नाही नं, आई. हा चांगला फीडबॅक आहे. काय सुधरवायचं ते सांगितलं त्यायनं."

"पोरगी पाहाले आलेले लोक असेच बोलते गा. घर हवेशीर आहे, चिवडा खमंग आहे, पोरगी शांत आहे. अन् दारात चपला घालता घालता म्हणते, कळवतो. कळवलं का कोणी आजपर्यंत?"

"हे तसे लोक नाहीत."

"कधी भेटला तू त्यायले?"

त्याला राग नाही आला. राग आला असता तर बरं होतं. तो पडद्याकडे पाहत म्हणाला, "फार जवळ आला म्हणते, आई. तसं उगाच नाही लिहीत ते."

ह्याच सुमारास सुनेच्या भावाने एक नोकरी पाहून ठेवली. कळमेश्वरला एका कारखान्यात स्टोअरचं काम. माल आला, माल गेला, ते कॉम्प्युटरवर चढवायचं. तिथला माणूस गावाकडे परत जाणार होता. भाऊ म्हणाला, मे संपेपर्यंत मी जागा धरून ठेवतो, त्यापुढे माझ्या हातात नाही. मनीषनगरहून कळमेश्वर म्हणजे सगळं नागपूर ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत ओलांडून आणखी पुढे. पण नोकरी होती. मुलाने नाही म्हटलं नाही. तो म्हणाला, "हे एक लागू दे. लागलं की दुसऱ्या दिवशी जातो."

"अन् नाही लागलं तर?" सुनेने विचारलं.

"लागते."

म्हणजे घराची गाडी कळमेश्वरच्या नोकरीवर अडलेली, ती नोकरी एका गेमच्या गाण्यावर, आणि ते गाणं कुठल्या देशातल्या कोण चार माणसांवर. मी असं काही पूर्वी पाहिलं नव्हतं. पण त्याच्याकडे पाहून एवढं समजत होतं की त्याला कोणीतरी एकदा घेतलं पाहिजे होतं. कंपनीने काढल्यावर ज्या माणसाला सगळीकडून कळवतो, कळवतो हेच ऐकू येतं, त्याला कुठूनही एक हो पाहिजे असतं. ते न घेता तो कळमेश्वरला गेला असता तर मान खाली घालून गेला असता, आणि ते त्याला नको होतं.

सुनेला शाळेची सुटी होती. एका सकाळी आम्ही दोघी चवळीच्या शेंगा मोडत बसलो होतो. ती खालच्या आवाजात म्हणाली, "आई, ते तुम्हाला गाणं ऐकवणार आहेत आज-उद्या. तिकडच्या कोणीतरी सांगितलं म्हणे, ज्याला गेममधलं काही माहीत नाही अशा माणसाला ऐकवून पाहा. ताजा कान पाहिजे म्हणे."

"माहा कान ताजा आहे?"

"चांगलं आहे म्हणून द्या नं. रोज उघडून बसतात, हे काढ, ते घाल. आता ढोलही खाली आणला आहे, मी ऐकलं. चांगलं वाटतं. तुम्ही हो म्हटलं की पाठवून देतील. निकाल लागेल एकदाचा. भाऊ किती थांबेल?"

"अन् मले खराब वाटलं तर?"

"तुम्हाला समजणार आहे का, आई, त्यातलं चांगलं कोणतं अन् खराब कोणतं?"

ती काही चुकीचं बोलत नव्हती. मी म्हटलं, "बरं वं. म्हणीन चांगलं."

पण माझा कान ताजा नव्हता. हे ना तिला माहीत होतं, ना त्याला. माझ्याही लक्षात नव्हतं.

तो लहान असताना आम्ही जुन्या वस्तीत भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होतो. पुढच्या खोलीत खिडकीखाली माझी शिलाई मशीन आणि समोरच्या भिंतीला टीव्ही. उजेड पाहिजे म्हणून मी खिडकीकडे तोंड करून बसायची, म्हणजे टीव्हीकडे पाठ. शाळेतून आला की हा जमिनीवर मांडी घालून गेम लावायचा. पडद्यावर काय चालायचं ते मी एकदाही पाहिलं नाही. मला फक्त ऐकू यायचं. एक नाचरी चाल होती, एकाच बोटाने पेटी वाजवावी तशी बारीक आवाजाची, आणि ती सुरू झाली की माझा पाय पायडलवर तिच्या मागे जायचा. सरळ टीप मारायला फार सोयीची चाल. थोड्या वेळाने एक आवाज यायचा. ट्यू, ट्यू, ट्यू, ट्यू, असा पायरी पायरीने खाली उतरत जाणारा. तो आला की गाणं संपलं. मीही तेवढ्यात टीप संपवून कात्रीने दोरा तोडायची. मग तो परत पहिल्यापासून लावायचा आणि मी दुसरी बाही घ्यायची. कितीतरी वर्षं संध्याकाळ अशी गेली. वस्तीतल्या निम्म्या बायांचे ब्लाउज त्या चालीवर शिवलेले आहेत, त्यांना माहीत नाही.

ह्याचे वडील ऑफिसातून यायचे तेव्हा तो खाली उतरणारा आवाज बाहेर ओट्यापर्यंत ऐकू जायचा. बूट काढता काढता ते विचारायचे, "पडला का गा पुन्हा?" पोरगा खिदळायचा. पुढे बारावीत गणितात राहिला तेव्हाही त्यांनी गुणपत्रिका पाहून तेच विचारलं, तेव्हा तो खिदळला नाही. वडील आता नाहीत.

तर ती दुपार. गाणं नीट ऐकू यावं म्हणून मुलाने कूलर बंद केला. मे महिन्याच्या दुपारी आमच्याकडे कूलर बंद केला तर खोलीची भट्टी होते, हे ज्याने नागपूरचा उन्हाळा काढला त्याला सांगायला नको. खिडक्या बंद, पडदे ओढलेले. त्याने माझ्या डोक्यावर हेडफोन चढवला. मी लगेच काढला.

"काय झालं?"

"कानाले घाम सुटला. मोठ्यानं लाव."

मग त्याने भिंतीजवळचे दोन स्पीकर लावले. सून दारात ओले हात पदराला पुसत उभी राहिली.

आधी बासरी आली, आणि मागून ती चाल. बारीक आवाज जाऊन भरघोस झाला होता, लय थोडी संथ केली होती, पण तीच. मी ओळखलं असं म्हणता येणार नाही, माझ्या पायाने ओळखलं. फरशीवर तो आपोआप हलायला लागला. चाल संथ असल्यामुळे पाय थोडा आधी पोचायचा आणि तिची वाट पाहायचा. पण मला बरं वाटत होतं. तोंडात "चांगलं आहे" तयार ठेवलं होतं, ते म्हणायला आता खोटंही बोलावं लागणार नव्हतं.

मग चाल त्या ठिकाणी आली. माझा उजवा हात मांडीवर कात्री शोधायला गेला. आवाज आला नाही. त्याऐवजी कुठून तरी दुसरंच गाणं सुरू झालं, मोठं, दहा वाद्यं एकदम, लग्नाच्या वरातीसारखं, आणि ते बराच वेळ चाललं. मी हात मांडीवर ठेवून बसून राहिले. संपलं.

"कसं वाटलं?"

सून माझ्याकडे पाहत होती.

"चांगलं आहे," मी म्हणाले.

तो माझ्या तोंडाकडे पाहत राहिला. मग बायकोकडे पाहिलं. "तू सांगितलं का आईले, चांगलं म्हण म्हणून?"

सून पुन्हा पदराला हात पुसायला लागली.

"आई, तू कोणाले चांगलं म्हणत नाही. म्हणूनच तुले विचारून राहिलो. कुठं खटकलं ते सांग."

मी मुकाट्याने बसायला पाहिजे होतं. पण त्याने विचारलं, आणि मला विचारलं की मी सांगते.

"शेवट कुठं गेला त्याचा?"

"कोणता शेवट? आहे नं शेवट. ऐकला नं आता."

"तो नाही. ट्यू ट्यू ट्यू ट्यू." मी हात वरून खाली आणून दाखवला. "तुह्या गाण्याचा शेवट. तो कापला काहून?"

त्याला समजायला वेळ लागला. मग तो खुर्चीत मागे टेकला. "तो शेवट नाही, आई. तो मरायचा आवाज आहे. रस्त्यावर एक पूल येते, त्याच्या फळ्या निखळते. खाली पडलं की तो आवाज वाजते."

"मले काय माहीत. आपल्या घरी तर गाणं तिथंच संपे."

"कारण मी तिथंच पडत होतो."

"रोज?"

"रोज."

"मग हे पुढचं कुठून आणलं? वरातीवालं?"

"पुलाच्या पलीकडची चाल आहे ती. नेटवर लोकांनी खेळून टाकलेलं आहे. तिथं ऐकली."

"म्हणजे तू कधी गेलाच नाही पलीकडे."

"नाही."

"मग जिथं गेला नाही तिथलं कायले वाजवतं? दुसऱ्याच्या कापडाची बाही लावल्यासारखं वाटते. अंगाले बसली तरी दिसते."

आतून सून "आई" एवढंच म्हणाली. ती दारातून केव्हा आत गेली ते मी पाहिलं नव्हतं.

मुलाने स्पीकर बंद केले. मग हळूच म्हणाला, "तेही हेच म्हणत होते. दुसऱ्या भागात तू दिसत नाही म्हणून." आणि उठून त्याने कूलर लावला. मी त्या दुपारी छान झोपले. कोणाचा ब्लाउज कुठे ओढतो ते बरोबर सापडल्यावर लागते तशी झोप.

पुढचे दिवस घर बरं होतं. ते सांगितलं पाहिजे, नाहीतर खोटं होईल. त्याने दुसरा भाग पूर्ण काढून टाकला. चाल पुन्हा जलद केली. मला मागच्या खोलीत बोलावून खुर्चीवर बसवायचा आणि माझ्या पायाकडे पाहत बसायचा. पाय अडकला की म्हणायचा, "थांब, थोडी वाढवतो." शेवटी तो खाली उतरणारा आवाज ठेवला, आणि एक दिवस विचारलं, "आई, दोरा कशानं तोडत होती तू?" मी माझी जुनी कात्री पेटीतून काढून दिली. मशीन घर बदलताना देऊन टाकली, कात्री आहे. त्याने माझ्याकडून हवेत दोरा तोडून घेतला आणि तो आवाज भरून ठेवला. गाणं असं झालं, की बासरी, मग चाल, मग पडणं, मग खट्, आणि संपलं. त्याने दाढी केली. दोन पोळ्या जास्त मागितल्या. सुनेने भावाला फोन करून सांगितलं की आता जवळजवळ नक्की समजा.

"आता कसं आहे?" पाठवायच्या आधी त्याने मला विचारलं.

"आता बरोबर आहे," मी म्हणाले. आणि ते मी कोणाच्या सांगण्यावरून म्हणाले नाही.

उत्तर मे संपायच्या आतच आलं. त्याने ते आधी एकट्याने वाचलं. मी दारात उभी होते. म्हटलं, "वाच."

"जाऊ दे नं."

"वाच म्हणते नं मी."

त्याने एकेक वाक्य मराठी करून वाचलं, मागच्यासारखंच. सुरुवात अजूनही फार सुरेख आहे. चाल जलद केली, त्यामुळे अंगात जोर आला. पण आम्हाला जरा नवल वाटलं. मागच्या वेळचं गाणं थोडं दुरुस्त करून पाठवशील अशी वाट पाहत होतो. त्यात फारच थोडी कसर उरली होती, ढोल खाली आला असता तर आम्ही बहुतेक घेतलं असतं. आता हे अर्ध्यात तुटतं. हरल्याचा आवाज शेवटी ठेवला आहे तो गंमत म्हणून चालेल, पण त्याने गाणं पुरं होत नाही. पलीकडची चाल परत आण. आणि अगदी शेवटी एक खट् असा आवाज आहे, तो चुकून राहिला असेल, तो काढून टाक. तुझ्यात दम आहे. पाठवत राहा.

कूलरचा आवाज चालू होता. तो म्हणाला, "चांगले लोक आहेत. पूर्ण ऐकलं त्यायनं. शेवटपर्यंत."

"मग मागचं पाठव नं आता," मी म्हणाले. "ढोल तर तू आधीच कमी केलता. तयार आहे नं ते?"

"आहे."

"मग पाठव. आज पाठव."

"ते माझं नाही, आई. तूच सांगितलं."

"मी सांगितलं म्हणून काय झालं? मले काय समजते त्यातलं? चौथी शिकलेली बाई मी."

"तुलेच समजते," तो म्हणाला.

टोमणा म्हणून बोलला असता तर मी उलट बोलले असते. पण त्याने ते अगदी मनापासून म्हटलं. जुनं होतं ते आता त्याला त्याचं वाटत नव्हतं. नवं होतं ते त्याचं होतं, पण कोणी घेत नव्हतं. शिवणाऱ्याला ठाऊक असतं, एकदा उसवलेलं कापड पुन्हा शिवता येतं, दुसऱ्यांदाही येतं, तिसऱ्यांदा सुईच्या भोकांनीच ते फाटत जातं. त्या वेळी मी गिऱ्हाइकाला सांगायची, बाई, आता नवीन कापड आण. इथे मी कोणाला काय सांगणार.

मेच्या शेवटच्या दिवशी सुनेने त्याचा इस्त्रीचा शर्ट पलंगावर काढून ठेवला. तो आंघोळ करून आला, शर्ट पाहिला, घातलाही. मग मागच्या खोलीत जाऊन खुर्चीवर बसला. दुपार झाली, तो तसाच बसलेला. शर्टाच्या पाठीला घामाचा नकाशा उमटला. भावाचा फोन आला तो सुनेने घेतला, गॅलरीत जाऊन बोलली आणि परत येऊन कणीक भिजवायला बसली.

बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "मी तुम्हाला एकच शब्द बोलायला सांगितला होता, आई."

"बोलले होते मी."

"त्याच्यानंतर थांबायचं होतं."

बरोबर होतं. तिने आवाज चढवला नाही. पहिली पोळी तव्यावरून काढली ती माझ्याच ताटात वाढली, नेहमीसारखी. त्या दिवसापासून ती मला वाढते, औषधाची आठवण करते, पण काही विचारत नाही. आधी लोक विचारायचे नाहीत ते मी खरं बोलते म्हणून. आता ती विचारत नाही त्याचं कारण तेच आहे, पण ते वेगळं लागतं.

मी स्वतःला उलटसुलट विचारून पाहते. त्या दुपारी चांगलं म्हणून तोंड बंद ठेवलं असतं तर ते गाणं लागलं असतं, आणि तो आज कळमेश्वरला स्टोअरमध्ये बसला असता. त्या गाण्यात तो नव्हताच, हेही खरं आहे. पण नोकरीत तरी माणूस कुठे असतो? माझ्या नवऱ्याने बत्तीशी पडेपर्यंत ऑफिसात सह्या केल्या, त्यात तो होता का? ह्याचं उत्तर सापडूनही आता उपयोग नाही. जागा भरली.

आता शाळा सुरू झाल्या आहेत. सून सकाळीच जाते. घरात आम्ही दोघं. रंगीत पट्ट्या त्याने बंद करून टाकल्या. त्याऐवजी कॉम्प्युटरवर तो जुना गेम मिळतो म्हणे, तो लावतो. मी स्वयंपाकघरात असते, मध्ये भिंत आहे, पडदा मला आताही दिसत नाही. चाल सुरू होते, ती जुनी, बारीक आवाजाची. ओट्याशी उभ्या उभ्या माझा पाय हलतो, मी तो दाबून धरते. मग ती त्या ठिकाणी येते. ट्यू, ट्यू, ट्यू, ट्यू. मग थोडा वेळ काहीच नाही. मग परत पहिल्यापासून.

"पडला का गा पुन्हा?" हे माझ्या ओठांवर येतं. त्याच्या वडिलांचं आहे, माझं नाही. मी तोंडात सुपारीचं खांड टाकते आणि भाजी चिरते.

परवा दुपारी तो आवाज झाल्यावर पुन्हा चाल सुरू झाली नाही. मी सुरी ठेवून ऐकत राहिले. तो आतूनच म्हणाला, "आई, ऐकून राहिली का? आज अर्ध्या पुलापर्यंत गेलतो."

गेला होता की नाही ते मला कसं समजणार. चाल तर रोजच्याच ठिकाणी तुटली होती, पाय त्यात चुकत नाही.

"चांगलं आहे," मी म्हणाले.

खरं सांग, असं तो म्हणाला नाही. थोड्या वेळाने चाल परत पहिल्यापासून लागली.